अडतीस ओळी

धनंजय वैरागडेच्या सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्याच्या कामाबद्दल कुणी कुतूहलानं काही विचारल्याचं त्याला आठवत नव्हतं. ‘कधी दुरुस्त होईल?’ हा प्रश्न रोज यायचा. ‘कसं दुरुस्त करता?’ हा कधीच नाही. म्हणून पुण्याच्या एका संशोधन संस्थेतून आलेल्या डॉ. ऋजुता पटवर्धननं पहिल्याच भेटीत तो विचारला, तेव्हा तो चांगलाच गोंधळला.

“कोडमधला बिघाड तुम्हाला सापडतो, तेव्हा नक्की काय होतं, सर?”

“काय होते म्हणजे? सापडते.”

“आणि सापडायच्या आधी?”

धनंजयनं जरा विचार केला. “आधी पोटात काहीतरी होते. वाचता वाचता वाटते, इथं काही बरोबर नाही. काय ते माहीत नसते. मग तिथंच उकरत बसायचं.”

“मला तेच हवंय,” ऋजुता म्हणाली. “तुमच्या पोटातलं ते काहीतरी.”

नागपूरच्या आयटी पार्कमधल्या त्या कंपनीत धनंजय सपोर्टला होता. गेली सोळा वर्षं त्याच्याकडे एकच सॉफ्टवेअर होतं, ‘तातडी’. विदर्भाच्या अकराही जिल्ह्यांत कुणी आजारी पडून फोन केला, की कोणत्या रुग्णवाहिकेला तिकडे पाठवायचं हे ‘तातडी’ ठरवायची. त्याच्याबरोबर नोकरीला लागलेली मुलं डेव्हलपर झाली, परदेशी गेली, तिकडच्या घरासमोर बर्फात उभं राहून काढलेले फोटो पाठवू लागली. हा मात्र इथंच, दुसऱ्यानं लिहिलेलं सांभाळत. लग्नाकार्यात कुणी विचारलं की “आयटीत आहे” एवढं सांगून तो जेवणाच्या रांगेकडे वळायचा.

मग कोड लिहिणारी यंत्रं आली आणि लिहिणाऱ्या माणसांच्या खुर्च्या भराभर रिकाम्या झाल्या. धनंजयची राहिली. नवं कोरं सॉफ्टवेअर यंत्रं झकास लिहीत, पण ‘तातडी’सारखी जुनी, ठिगळांवर ठिगळं लावलेली यंत्रणा कुठं फाटेल हे त्यांना समजत नसे. कँटीनमध्ये नव्या पोरांना तो सांगायचा, “कोड लिहिणं हे आपलं काम कधी नव्हतंच. संशय घेणं हे आपलं काम. ज्याला आपल्या कोडवर प्रेम जडलं, तो गेला कामातून.” पोरं हसायची, पण अडलं की त्याच्याच टेबलाशी यायची.

ऋजुताला हाच संशय यंत्राला शिकवायचा होता.

तिचं उपकरण साध्या चष्म्यासारखं दिसायचं. त्याचं नाव ‘नेत्रलेख’. कडेला डाळीच्या दाण्याएवढे दोन कॅमेरे होते आणि ते डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशात बुबुळांची हालचाल टिपत. वाचताना आपली नजर ओळीवरून सरळ सरकत जाते असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. ती उड्या मारते, सेकंदाला तीन-चार. प्रत्येक उडीनंतर पाव सेकंद थांबते आणि त्या थांब्यातच काय ते वाचून होतं. उडी चालू असताना डोळे जवळजवळ आंधळे असतात. मधली फट मेंदू गुपचूप बुजवून टाकतो, म्हणून आपल्याला ती जाणवत नाही.

“आणि बाहुली,” ऋजुतानं त्याला पडद्यावर एक डोळा मोठा करून दाखवला. “उजेड कमी झाला की बाहुली मोठी होते, हे शाळेत शिकलो. पण उजेड तेवढाच असला आणि मेंदूला काही खटकलं, तरी ती केसभर रुंदावते. मेंदूच्या देठात निळसर पेशींचा एक ठिपका आहे. ‘सावध!’ असं मेंदूभर ओरडायचं काम त्याचं. तो जागा झाला, की बाहुली हलते. माणसाला खटकल्याचं कळतं त्याच्या जवळपास सेकंदभर आधी.”

“म्हणजे पोटात नाही होत ते?”

“पोटात पोचतं. निघतं तिथून.”

धनंजयला हे फार आवडलं. त्या दिवशी घरी जाऊन त्यानं बायकोला, नंदिनीला, आरशासमोर उभं करून तिच्याच बाहुल्या दाखवायचा प्रयत्न केला. तीन महिने तो रोज सकाळी दोन तास तो चष्मा लावून ‘तातडी’चा कोड वाचत होता. देशभरातले आणखी चाळीस अनुभवी लोक आपापल्या ठिकाणी हेच करत होते. ऋजुताच्या गटानं प्रत्येकाच्या कोडमध्ये शंभर बिघाड लपवून पेरले होते. धनंजयची नजर त्यांतल्या सत्याऐंशी जागी थबकली; दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाची एकोणसाठ जागी. त्याची नजर ‘प्रमाण नजर’ ठरली. तिच्यावर शिकवलेलं यंत्र पुढच्या तिमाहीत सात राज्यांतल्या रुग्णवाहिकांच्या यंत्रणा तपासायला बसणार होतं. डायरेक्टरसाहेब स्वतः त्याच्या टेबलाशी येऊन हात मिळवून गेले. नंदिनीनं सोसायटीत सगळ्यांना सांगितलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा धनंजय लिफ्टमध्ये आपणहून म्हणाला, “मी सपोर्टला आहे.”

त्यानंतरच्या सोमवारी ऋजुतानं त्याला मीटिंग रूममध्ये बोलावलं. भिंतीवर ‘तातडी’च्या कोडचा नकाशा लावला होता. जिथं नजर जास्त थांबली तिथं लाल, कमी तिथं पिवळा, नुसती गेली तिथं फिकट निळा. एका फाइलच्या मधोमध एक पांढरी पट्टी होती.

“ओळ सहाशे अकरा ते सहाशे अठ्ठेचाळीस,” ती म्हणाली. “अडतीस ओळी. तीन महिन्यांत तुम्ही ही फाइल नऊ वेळा उघडली. नऊही वेळा या ओळींवरून उडी मारून पुढे गेलात.”

“ओळखीचा भाग असेल. कंटाळा येते कधी.”

“तेच मला वाटलं होतं. पण कंटाळा आला की बाहुली आकसते. ओळखीच्या मजकुरावरून नजर लांब उड्या मारत जाते, तरी कुठं ना कुठं टेकते.” तिनं आलेख पुढे केला. “इथं तुम्ही सहाशे दहाव्या ओळीला पोचता, बाहुली एकदम रुंदावते, पेरलेल्या कुठल्याही बिघाडापेक्षा जास्त. आणि पाव सेकंदात नजर बाहेर. नऊ वेळा, अगदी तस्संच. सर, तुमचं तिकडे लक्ष जात नाही असं नाही. तुम्ही ती जागा टाळताय.”

तिच्या आवाजात आरोप नव्हता. एखादं नवं फुलपाखरू सापडावं तसा तिचा चेहरा झाला होता. धनंजयलाही पहिल्यांदा गंमतच वाटली. स्वतःच्या डोळ्यांनी आपल्याला न सांगता काही करावं याची.

“उघडा बरं फाइल,” तो म्हणाला.

त्यानं त्या ओळी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. रुग्णवाहिकेचा सिग्नल नव्वद सेकंदांहून जास्त वेळ तुटला, तर गाडी कुठं आहे असं समजायचं, हे त्या ओळी ठरवत होत्या. खरं तर ‘माहीत नाही’ असं समजायला हवं. इथं लिहिलं होतं, की जिथं शेवटची दिसली तिथंच उभी आहे आणि मोकळी आहे असं समजा. वर एक टीप होती. ‘तात्पुरते. रिलीजनंतर बदलणे. ध. वै.’



“ध. वै. म्हणजे...” ऋजुता थांबली.

“मी,” धनंजय म्हणाला.

आता त्याला आठवत होतं. सोळा वर्षांपूर्वी ‘तातडी’चं उद्घाटन तोंडावर आलं होतं, हात कमी पडत होते, म्हणून सपोर्टवाल्यांनाही कोड लिहायला बसवलं होतं. ते दोन महिने तो डेव्हलपर होता. आदल्या आठवड्यात अधिकाऱ्यांना नकाशा दाखवायचा होता आणि मेळघाटातल्या गाड्या नकाशावर सारख्या ‘बेपत्ता’ दिसत होत्या, कारण डोंगरात सिग्नल नव्हता. पडदा लाल ठिपक्यांनी भरून जायचा. त्यानं एका दुपारी या अडतीस ओळी लिहिल्या आणि ठिपके हिरवे झाले. सगळ्यांनी पाठ थोपटली. उद्घाटन झालं. तात्पुरतं ते कायमचं झालं.

आणि त्यानंतर दोन वर्षांनी डोमाखेड्याचं प्रकरण घडलं.

मेळघाटातल्या डोमाखेडा गावात वनखात्यातल्या बाबुलाल कासदेकरला साप चावला होता. भर दुपारची वेळ. ‘तातडी’नं त्याच्यासाठी सतरा नंबरची गाडी नेमली. ती जवळच्या नाक्यावर उभी दिसत होती. प्रत्यक्षात होती पन्नास किलोमीटर दूर, घाटापलीकडे. ती एक तास पन्नास मिनिटांनी पोचली. बाबुलाल त्याआधी गेला होता.

आयटीत काही बिघडलं की पहिला प्रश्न असतो, काल कोणी काय बदललं? आदल्या दिवशी प्रणिता भोयर नावाच्या चोवीस वर्षांच्या मुलीनं अंतर मोजायच्या गणितात बदल केला होता. धनंजयच्याच हाताखाली शिकलेली, दिवाळीत त्याच्या घरी फराळाला येणारी. चौकशी समिती नेमली गेली, तांत्रिक सदस्य धनंजय. काल बदल, आज बिघाड. समितीला दोन बैठका पुरल्या. अहवालावर त्यानं सही केली. प्रणितानं राजीनामा दिला.

“त्या दिवशीच्या नोंदी आहेत अजून?” ऋजुतानं विचारलं.

“असतील. आरोग्याच्या नोंदी पुसत नाही आपण.”

जुना दिवस पुन्हा चालवून पाहणं आता अवघड राहिलं नव्हतं. त्या तारखेचे सगळे फोन, सगळे सिग्नल, सगळ्या गाड्या संगणकात जशाच्या तशा उभ्या करता येत आणि मग घड्याळ सुरू करायचं. पहिल्यांदा त्यांनी दिवस होता तसा चालवला. सतरा नंबर नेमली गेली. मग प्रणिताचा बदल काढून टाकला आणि पुन्हा चालवला. पुन्हा सतरा नंबर. एका मिनिटाचाही फरक नाही. मग प्रणिताचा बदल परत घालून धनंजयच्या अडतीस ओळी काढल्या. यंत्रणेनं सतरा नंबर सोडली आणि दुसऱ्या दिशेनं नऊ नंबरची गाडी काढली. हिरवा ठिपका वळणं घेत डोमाखेड्याकडे निघाला. धनंजय त्याच्याकडे पाहत बसला. सव्वीस मिनिटांनी ठिपका गावात पोचून थांबला.

ऋजुतानं पडदा बंद केला.

घरी गेल्यावर त्यानं नंदिनीला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. हात न थांबवता ती म्हणाली, “त्या वर्षी तू प्रणिताचं नाव घेणं बंद केलंस.”

“मी?”

“एकदम. दिवाळीला मी म्हटलं, तिला फोन कर. तू म्हणालास, नको, तिला वाईट वाटेल. पुढच्या दिवाळीलाही तेच. मग मी विचारलं नाही.”

“नंदिनी, मला खरंच माहीत नव्हतं.”

तिनं त्याच्याकडे पाहिलं. “नसेल. पण तू विचारायचंही टाळलंस ना.”

दोन दिवसांनी ऋजुता पुन्हा भेटली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर फुलपाखरू सापडल्याची चमक नव्हती. “एक वेगळीच भानगड झालीय, सर. तुमच्या नजरेवर शिकवलेलं यंत्र मी काल तपासलं. दुसऱ्या राज्याच्या कोडमध्ये तसाच बिघाड पेरला. सिग्नल तुटला तर गाडी उभी आहे असं समजायचं. यंत्रानं तो सोडून दिला. बाकी सगळे धरले, तेवढा सोडला.”

“का बरं?”

“तुम्ही जिथं थांबता तिथं थांबायला ते शिकलं. तुम्ही जिथून पळता तिथून पळायलाही शिकलं. तुमची भीती त्यानं उचलली, कारण ठाऊक नसताना.” ती थोडी घुटमळली. “उपाय सोपा आहे. ही फाइल वाचतानाचं रेकॉर्डिंग मी वगळू शकते. आणि अडतीस ओळी दुरुस्त करायला यंत्राला चार सेकंद लागतील. तुम्ही प्रमाण नजर राहाल. कुणाला काही सांगायची गरज नाही. मी सांगत नाहीये तसं करा म्हणून. शक्य आहे एवढंच सांगतेय.”

धनंजयला मोह झाला नाही असं नाही. खिडकीबाहेर पार्किंगमध्ये माळी पाइप धरून झाडांना पाणी घालत होता, त्याच्याकडे तो बराच वेळ बघत राहिला. निवृत्तीला नऊ वर्षं होती. आयुष्यात एकदाच लोकांना त्याच्या कामाची किंमत कळली होती, आणि ती याच डोळ्यांमुळे.

“बाकी चाळीस जणांचं काय?” त्यानं विचारलं. “त्यांच्या नकाशात अशा पांढऱ्या पट्ट्या आहेत?”

ऋजुता चपापली. “शोधल्याच नाहीत मी. आम्ही सगळे लाल ठिपके शोधत होतो.”

“शोधा. माझी पट्टी वगळली, तर त्या शोधायला कारणच राहत नाही तुम्हाला.”

ओळी दुरुस्त करायला त्यानं त्याच दिवशी यंत्राकडे दिल्या. त्या आठवड्यात डायरेक्टरसाहेबांना चार पानी पत्र लिहिलं. पुन्हा चालवलेल्या दिवसाचा पुरावा जोडला. जुना अहवाल चुकीचा होता, दोष प्रणिता भोयर यांचा नव्हता, माझा होता, असं पहिल्याच वाक्यात लिहिलं. साहेबांनी पत्र दोनदा वाचलं. “वैरागडे, एवढं जुनं कशाला उकरता?” असं म्हणाले, मग कायदा विभागाकडे पाठवलं. प्रमाण नजरेचा मान पंधरा दिवसांत काढून घेण्यात आला. ऋजुतानं पट्ट्या शोधल्या. चाळीसपैकी एकतीस जणांच्या नकाशात त्या निघाल्या. बातमी फुटली तसे जागोजागचे इंजिनियर चष्मा लावायला नकार देऊ लागले. कुणी म्हणे डोळे दुखतात, कुणी म्हणे खाजगी बाब आहे. तिचा प्रकल्प अडकला. पण ती फोनवर सांगायची, “सर, आता खरा प्रश्न हातात आलाय,” आणि तिचा आवाज पहिल्या दिवसासारखा असायचा.

प्रणिताला पत्रानं कळवणं बरं नव्हे, म्हणून धनंजय स्वतः परतवाड्याला गेला.

ती तिथं माती परीक्षण केंद्र चालवत होती. लांबलचक खोली, भिंतीला मांडण्या, मांडण्यांवर गावांची नावं लिहिलेल्या पिशव्या. प्रणिता चाळणीतून माती चाळत होती. केस पुढून पांढरे झाले होते. तिनं त्याला लगेच ओळखलं.

“सर? तुम्ही कसे काय इकडे? बसा ना.”

तो बसला नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. चष्मा, पट्टी, टीप, पुन्हा चालवलेला दिवस. ती चाळतच राहिली. चाळणी रिकामी झाली तरी हात काही वेळ हलत होता.

“ओळी आणल्या?”

त्यानं कागद दिला. तिनं हात पुसले आणि खिडकीपाशी जाऊन वाचलं. कुठंही न अडखळता, वरपासून खालपर्यंत.

“तुमाले माहीत होतं?”

“मला नव्हतं माहीत, प्रणिता. माझ्या डोळ्यांना होतं.”

“डोळे कोणाचे होते, सर?”

बाहेर एक ट्रॅक्टर गेला.

“मी माझा तो बदल रोज डोक्यात चालवून पाहायची,” प्रणिता म्हणाली. “आंघोळ करताना, स्वयंपाक करताना. प्रत्येक वेळी गणित बरोबर यायचं. आणि माणूस तर मेलेला. मग वाटायचं, आपल्याला गणितच येत नाही. बरोबर दिसते ते बरोबर नसते. पुढे साधी बेरीज केली तरी दुसऱ्याला दाखवायची मी.” तिनं मांडणीकडे हात केला. “म्हणून इकडे आले. इथं प्रत्येक नमुना अर्धा ठेवून देता येते. शंका आली की पुन्हा तपासा.”

“कंपनी तुला पत्र देईल. मी लिहून दिलंय. हवं तर जाहीरपणे...”

“पत्र द्या, घेईन. पण मले अगोदर दुसरंच पाहिजे.” ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. “राजीनामा दिल्यावर मी डोमाखेड्याला गेली होती. एकटी, एसटीनं. त्या बाबुलालच्या बायकोला जाऊन सांगितलं, की तुमचा माणूस माझ्या चुकीनं गेला. तिच्या पाया पडली. हे तुमाले माहीत नाही. कोणालेच नाही.”

धनंजय आता खुर्चीवर बसला.

“आता तिथं जाऊन खरं सांगायला पाहिजे,” ती म्हणाली. “उद्याच चला. मी येते संग.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते धनंजयच्या गाडीनं निघाले. घाट लागला तसे फोनवरचे सिग्नलचे दांडे एकेक करून गेले. नाक्यापुढे नकाशावरचा त्यांच्या गाडीचा ठिपका गोठला. गाडी तासभर वळणं घेत राहिली तरी पडद्यावर ते नाक्यावरच उभे होते. धनंजयनं सोळा वर्षं या डोंगराची यंत्रणा सांभाळली होती, पण या रस्त्यावर तो पहिल्यांदाच आला होता. प्रणितानं ते त्याच्या चेहऱ्यावरून ओळखलं असावं.

बाबुलालची बायको सुगंती कासदेकर घरासमोरच्या ओट्यावर रजिस्टर भरत बसली होती. अंगावर आशा सेविकेची साडी. तिनं प्रणिताकडे जरा वेळ निरखून पाहिलं आणि म्हणाली, “तू ते नागपूरची रडणारी पोरगी न?”

प्रणिता हसली, आणि तिचे डोळे भरले.

धनंजयनं या वेळी कागद काढला नाही. ज्या ओळींमुळे गाडी चुकली त्या मी लिहिल्या होत्या, असं त्यानं सांगितलं. ही मुलगी निर्दोष होती. चौकशीला मीच होतो आणि मी नीट पाहिलं नाही. तुमचा माणूस वाचू शकला असता.

सुगंतीबाईंनी रजिस्टर मिटलं. त्या आत गेल्या, दोन पेले पाणी घेऊन आल्या. दोघांचं पिऊन होईपर्यंत उभ्या राहिल्या.

“हिले मी तेव्हाच म्हटलं होतं, जा पोरी, माझा राग नाही तुझ्यावर,” त्या म्हणाल्या. “ते हिले म्हटलं होतं. तुमाले नाही.”

“नाही,” धनंजय म्हणाला. “मला नाही.”

“तुमचं पाहू. इतक्या लवकर नाही सांगता येत.” त्या पुन्हा ओट्यावर बसल्या. थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, “काय चुकलं होतं त्या मशीनचं?”

त्यानं सोप्या शब्दांत सांगितलं. सिग्नल गेला की गाडी जिथं शेवटची दिसली तिथंच उभी आहे असं मशीन समजायची.

सुगंतीबाई त्याच्याकडे पाहतच राहिल्या. “हे शोधून काढलं तुमी? चष्मा लावून?” त्यांनी गुडघ्यावर हात आपटला. “हे तर इथल्या लेकराले माहीत आहे! नाक्यापुढं गेली की गाडी आंधळी. मी तेरा वर्षं झाली आशाचं काम करून राहिली. फोन लावते तुमाले, तो नियम आहे म्हणून. पण त्याच्या अगोदर वनखात्याच्या वायरलेसवर विचारते, गाडी खरंच कुठं आहे. लांब असली तर गावातली जीप काढते. माझ्या हातून एक बाई, एक लेकरू गेलं नाही तेरा वर्षांत.”

धनंजयच्या डोक्यात काहीतरी जागच्या जागी बसलं. डोमाखेड्यानंतर मेळघाटातून एकही बिघाड नोंदला गेला नव्हता. नोंदी स्वच्छ होत्या. कोड लिहिणाऱ्या नव्या यंत्रांनीही त्या स्वच्छ नोंदी पाहून अडतीस ओळींना हात लावला नव्हता; जे चौदा वर्षं बिघडलं नाही ते बरोबरच असणार. ते का बिघडलं नाही, ते इथं ओट्यावर बसलं होतं.

“तुम्ही कळवलं का नाही कधी?”

“कोणाले? फोनवरचा माणूस म्हणते, बाई, गाडी तिथंच उभी आहे, मला दिसते. मी म्हणते, नाही. कोणाचं ऐकतील?”

धनंजयनं खिशातून पेन काढलं. वही गाडीत होती, ती तो उठून घेऊन आला. ओट्याच्या खालच्या पायरीवर बसला.

“अजून कुठं कुठं खोटं दाखवते ती मशीन, सुगंतीबाई?”

“लिहून घेता?”

“हो.”

“लय आहे. दुपार होईल.”

“होऊ द्या.”

त्यांनी नदीपासून सुरुवात केली. पावसाळ्यात पुलावरून पाणी गेलं की रस्ता बंद, पण मशीन तोच रस्ता दाखवते. मग एकाच नावाच्या दोन गावांचं सांगितलं. त्यांना मधे तोडून धनंजय काही विचारणार, तेवढ्यात प्रणिता पुढे सरकून बसली.

“थांबा सर. विचारीन मी,” ती म्हणाली. “तुम्ही लिहा.”

तिनं सुगंतीबाईंना विचारलं, की दोन गावांचा घोटाळा झाला की गाडी कोणत्या गावाला जाते, दर वेळी एकाच का, आणि फोन करणारी बाई असली तर काही फरक पडतो का. हा शेवटचा प्रश्न धनंजयला सुचला नसता. सुगंतीबाई विचारात पडल्या, मग त्यांनी शेजारच्या दोघींना हाक मारली. त्या आल्या, ओट्यावर टेकल्या, आणि आपसात कोरकूत बोलायला लागल्या. धनंजयनं पान उलटलं आणि त्या मराठीत कधी येतात याची वाट पाहत पेन धरून बसला.